परभणीत भेटलेली समुद्रकाकडी

रत्नागिरीहून परभणीला निघाले तेव्हा समुद्र पाठीमागे राहिला, असं मी धरून चालले होते. पाच दिवस टाक्या धुवायच्या नाहीत, खाऱ्या पाण्याच्या बादल्या उचलायच्या नाहीत, एवढाच सुटीचा अर्थ माझ्या डोक्यात होता. मी एका सागरी संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायक आहे. समुद्राच्या तळाशी राहणारे जीव टाक्यांत जगवणं हे माझं काम. त्यातल्या समुद्रकाकड्या कित्येक वर्षं माझ्याच वाट्याला आहेत. ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते, नाव काकडीचं असलं तरी तो प्राणी आहे. वीतभर लांब, जाड चामडीचा, तारामाशाच्या जातकुळीतला. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. तळाची वाळू तोंडात घ्यायची आणि मागून सोडायची, हा त्याचा दिवस.

परभणीला माझी मैत्रीण शोभा राहते. कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. तिचा विषय मराठी, माझा प्राणिशास्त्र. लग्न होऊन ती परभणीला गेली आणि दर हिवाळ्यात "हुरड्याला ये" म्हणत राहिली. या जानेवारीत मी एकदाची गेले.

पहिला दिवस : परभणी

स्टेशनवर शोभा स्कूटी घेऊन उभी होती. सकाळची थंडी कोरडी, ओठ फाडणारी. आमच्याकडे थंडीलाही ओल असते. इथे श्वास घेतला तरी नाक आतून चरचरत होतं. घर दोन गल्ल्यांवर आलं तेव्हा तिने गाडी बाजूला घेतली.

"एक सांगते, राग मानू नकोस. घरात मासळीचं नाव काढायचं नाही. अप्पांना खपत नाही. येलदरीच्या धरणावरचे मासे बाजारात येतात ना, तर अप्पा त्या रस्त्यानं जातसुद्धा नाहीत."

"मी काय पिशवीत सुकट घेऊन आलेय का?" मी म्हटलं. खरं तर आणायची होती. ऐनवेळी ठेवून आले होते.

अप्पा म्हणजे शोभाचे सासरे. लिंगायत घर, बाजारात कापडाचं जुनं दुकान. दुकान आता शोभाचा नवरा बघतो. तो खरेदीसाठी सुरतेला गेला होता, म्हणून घरात आम्ही तिघंच. मी पोचले तेव्हा अप्पा पूजेला बसले होते. कपाळाला, दंडाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान. आमच्याकडे देव देव्हाऱ्यात असतो आणि माणूस त्याच्यापुढे जाऊन बसतो. इथे देव माणसाच्या गळ्यातच राहतो, आणि पूजेच्या वेळी तळहातावर येतो. मी दारातच थांबले. त्यांनी मान वर केली नाही. पूजा झाल्यावर लिंग चांदीच्या करंड्यात ठेवून गळ्यात घातलं आणि मगच म्हणाले, "या बाई. लय दिसापासून तुमचं नाव ऐकायलोय."

न्याहारीला धपाटे, ताजं लोणी, शेंगदाण्याची चटणी आणि कवडीचं दही होतं. चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली. मी चार धपाटे खाल्ले. अप्पांनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली आणि शोभाला म्हणाले, "माझी डबी आण."

तिने स्टीलची डबी आणि कोमट पाणी आणून ठेवलं. डबीत राखाडी पूड होती. अप्पांनी चमचाभर पूड तोंडात टाकली, पाण्याबरोबर गिळली आणि ओठ पुसले. त्याच वेळी माझ्या नाकाशी एक वास आला. सुक्या मासळीच्या खळ्यावर येतो तसा, पण त्याहून जुना. मला वाटलं, प्रवासाने डोकं फिरलंय.

"कसलं औषध, अप्पा?"

"तुमाला म्हाईत असलच. तुमी समुद्रावरच्या." ते हसले. "समुद्रातली काकडी. शक्करवर लय फायदा हाय तिचा. दिवाळीपासून घ्यायलोय."

मी शोभाकडे पाहिलं. ती भांडी उचलत होती.

"काकडी म्हणजे... तुम्ही अख्खी पाहिलीय?"

"हाय की घरात." ते उठले आणि फडताळातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन वस्तू होत्या. राखाडी, आडव्या सुरकुत्यांच्या, लाकडासारख्या टणक. अप्पांनी एक माझ्या हातावर ठेवली. "समुद्राच्या तळाला येल असतोय म्हणं. त्याला लागती. वाळवून कुटायची."

मी ती उलटी केली. एका टोकाला तोंडाची आत ओढली गेलेली चुणी, दुसऱ्या टोकाला मागचं भोक, पोटाच्या बाजूला बारीक ठिपके. हे ठिपके म्हणजे तिचे पाय. हजारो वेळा हा जीव मी हातात घेतला आहे, अंधारातसुद्धा ओळखेन. भस्म लावलेला, मासळीबाजाराच्या रस्त्याने न जाणारा हा माणूस दिवाळीपासून रोज सकाळी पूजेनंतर एक प्राणी खात होता.

"चांगली हाय का जात?" अप्पांनी विचारलं.

मी म्हणाले, "बघायला लागेल." एवढंच म्हणाले.

दुपारी अप्पा झोपल्यावर स्वयंपाकघरात मी शोभाला सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हातातली शेंग तशीच राहिली.

"प्राणी म्हणजे? गोगलगायीसारखा?"

"तसंच काहीतरी. रक्तामांसाचा नाही म्हणता येईल, पण जीव आहे. आतडी आहेत. आणि शोभा, तो पकडायला, विकायला, जवळ बाळगायला कायद्याने बंदी आहे. वाघाला असते तशी."

तिने हातातली शेंग सोलली. "सांगू नकोस," ती म्हणाली. "वैशू, ते अन्न सोडतील. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस नुसत्या दुधावर होते. मी डबीत दुसरं काहीतरी भरून ठेवते. बडीशेप कुटून."

"आणि डायबेटिसच्या गोळ्या? त्या घेतायत ना?"

ती उठून आत गेली. परत आली तेव्हा हातात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. भरलेल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"दर महिन्याला मीच आणून देते," ती म्हणाली. "ते घेतात असंच धरलं होतं मी."

दुसरा दिवस : पोखर्णीचा रस्ता

सकाळी अप्पांनी पुन्हा चमचा घेतला. शोभाला डबी बदलायला जमलं नव्हतं, रात्री ती उशाशी घेऊनच ते झोपले होते. मी समोर बसून बघत राहिले. बोलायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. आधी खात्री करू, मग सांगू, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे खात्री कालच झाली होती.

पूड कुठून येते ते अप्पांनीच सांगितलं होतं. पोखर्णीला जाताना रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक बाई जडीबुटी घेऊन बसते. आम्ही दोघी नरसिंहाच्या दर्शनाचं निमित्त करून स्कूटीवरून निघालो. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू झाली. आमची माती तांबडी, पावसाने धुपून समुद्राकडे पळणारी. ही माती बसून राहिलेली. भेगा एवढ्या खोल की हात घातला तर कोपरापर्यंत जाईल. ज्वारी डोक्याएवढी वाढली होती, आणि मधूनच उसाच्या गाड्या गंगाखेडच्या कारखान्याकडे चालल्या होत्या. एका गाडीच्या मागे आम्ही दोन किलोमीटर अडकलो. पाचटाचं कुसळ माझ्या डोळ्यात गेलं, आणि शोभाने रस्त्यात उभी राहून पदराच्या टोकाने ते काढलं.

देवळात गर्दी नव्हती. दर्शन घेऊन बाहेर चहा प्यायलो आणि परतीच्या वाटेवर लिंबाखाली ती बाई दिसली. पन्नाशीची, नऊवारी, समोर पोत्यावर मुळ्या, साली, बिब्बे, सागरगोटे मांडलेले. कडेला एका सुपात आठ-दहा समुद्रकाकड्या. आडव्या सुरकुत्या, पोटावर ठिपके. परभणीच्या उन्हात, समुद्रापासून शेकडो मैलांवर, लिंबाच्या सावलीत. मी तिथेच उकिडवी बसले.

"शक्करवर हाय का, गुडघ्यावर?" तिने विचारलं.

"हे काय आहे, मावशी?"

"समुद्रातली काकडी. तळाला येल असतो."

"तुम्ही पाहिलाय वेल?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी कशाला बगू? मी समुद्र तरी कुठं बगितलाय. देणारा म्हणला तेच मी म्हणायले."

मी एक काकडी उचलली आणि तिला तोंड दाखवलं, मागचं भोक दाखवलं, पाय दाखवले. आमच्या केंद्रात येणाऱ्या शाळेच्या पोरांना सांगते तसं सांगितलं. ही वाळूवर हळूहळू सरकते, तोंडाभोवती हातासारखे झुबके असतात, त्यांनी वाळू उचलते आणि खाते. तिला धोका वाटला तर स्वतःची आतडी बाहेर फेकते आणि ती पुन्हा वाढवते. हिला पकडून, उकळून, वाळवून इथवर आणलंय.

बाईने ऐकता ऐकता सूप स्वतःपासून दूर सरकवलं. "जित्राब हाय व्हय हे?"

"हो."

"अन् मी माळकऱ्याला, लिंगायताला इकलं?" तिने गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. मला ती माळ आत्ता दिसली. "बाई, मी बी खाल्लंय की हे. गुडघ्यासाठी."

ती रडली नाही, ओरडली नाही. सुपातल्या सगळ्या काकड्या एका पिशवीत भरून तिने माझ्या पायाशी ठेवल्या. "न्या. मला डोळ्यापुढं नगं." देणारा कोण, ते तिला सांगता येईना. जत्रेत भेटतो, दरवेळी वेगळ्या गावात, एवढंच तिला ठाऊक होतं.

घरी येऊन मी पिशवी माझ्या बॅगेत तळाशी ठेवली. त्यातली एक काकडी रुंद तोंडाच्या बाटलीत पाण्यात भिजत घातली. कापून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. त्या घरात कापणं शक्य नव्हतं. म्हणून बाटली दुसऱ्या दिवशी शेतावर न्यायची. आता लिहिताना हे सगळं मला लाजिरवाणं वाटतं. रस्त्यावरच्या अनोळखी बाईला मी पाच मिनिटांत सांगून मोकळी झाले होते.

तिसरा दिवस : गंगाखेडच्या अलीकडे

सकाळी पुन्हा चमचा. पूड चावून अप्पा म्हणाले, "करकर करती दाताखाली. मीठ असल." मी चहाच्या कपात बघत राहिले.

शोभाचं शेत गंगाखेडच्या थोडं अलीकडे. रिक्षा करून गेलो. तिथून गोदावरी दिसत नाही, पण बाभळींची रांग दिसते, आणि सगळे तिला गंगाच म्हणतात. गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. कणसं निखाऱ्यात भाजून, तळहातावर चोळून हिरवे दाणे पळसाच्या पानावर येत होते. कुणी हुरडा असा खाल्ला नसेल तर त्याला त्याची चव सांगता येणार नाही. दाण्यात दूध असतं आणि धूरही असतो. सोबत गूळ, दही, तिखट शेंगाचटणी. अप्पा स्वतः कणसं चोळत होते आणि माझ्या पानावर टाकत होते. "खा, बाई. तुमच्याकडं नुसता भात."

नंतर ते मला शेत दाखवायला निघाले. बाजूच्या वावरातली तूर कापून झाली होती. जमिनीतून तुरीची धसकटं वर आलेली, टोकदार, खिळ्यांसारखी. अप्पा पुढे, मी मागे. ते तुरीचं बोलत होते, यंदा फुलोऱ्यात धुकं पडलं वगैरे. मी खाली बघून पाऊल टाकत होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या डाव्या पावलाच्या जागी, काळ्या ढेकळांवर, ओला डाग उमटत होता. पुढच्या पावलालाही.

"अप्पा, थांबा."

"काय झालं?"

त्यांची चप्पल कडेने फाटली होती आणि एक धसकट मोडून त्यातून करंगळीच्या शेजारी घुसलं होतं. बोटभर. ते तसेच चालत होते, तुरीचं बोलत. मी त्यांना बांधावर बसवलं, चप्पल काढली. करंगळी आजची दुखावलेली नव्हती. ती काळी पडली होती, आणि खाली जुनी जखम होती. वास येत होता.

"दुखत नाही?"

"बिलकुल न्हाई." त्यांनी पाय उचलून मला दाखवला, जणू काही चांगली बातमी होती. "पैलं लय आग व्हायची तळपायाची. रातभर तकलीफ. काकडी सुरू केली, अन् दोन म्हैन्यात सगळं थांबलं. आता खिळा घुसला तरी कळत न्हाई. म्हणून तर म्हणलं, औषध लागू पडलं."

शोभा पाण्याचा तांब्या घेऊन मागून आली होती. तिने हे ऐकलं आणि तांब्या खाली ठेवला.

मला त्या क्षणी जे वाटलं ती भीती नव्हती. कुणीतरी मुस्काटात मारावी तसं वाटलं. पाय मेला होता, आणि हा माणूस त्याला गुण आला म्हणत होता. मी बॅगेतून बाटली काढली.

"अप्पा, मला तुम्हाला काही सांगायचंय. आधी नीट बघा."

रात्रभर भिजून काकडी बाहेरून चामड्यासारखी मऊ झाली होती. मी ती वर्तमानपत्रावर ठेवली. शोभा म्हणाली, "वैशू, नको," पण आता मी थांबले नाही. ब्लेडने पोटाकडून उभा छेद घेतला. नीट वाळवायची तर आतडी आधी काढतात. कुणीतरी घाईत हे काम सोडून दिलं होतं. आत दोऱ्यासारखी सुकलेली आतडी होती, पूर्ण लांबीभर खाली, वर आणि पुन्हा खाली गेलेली. मी ती बोटाने फोडली. पांढरी वाळू बाहेर आली. तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते.

अप्पा वाकून बघत होते.

"ही वेलाला लागत नाही," मी म्हणाले. "हा जीव आहे. हे तोंड. तोंडाभोवती वीसेक झुबके असतात. एक झुबका वाळूवर दाबायचा, चिकटेल तेवढी वाळू उचलायची, तोंडात घालून चाटून घ्यायची, मग दुसरा झुबका. असं दिवसभर. आम्ही त्यांना एकदा निळी वाळू घातली होती, किती वेळ लागतो ते बघायला. काही तासांनी तीच वाळू मागून माळेसारखी बाहेर आली, निळीच."

"म्हंजी वाळू पचत न्हाई त्याला."

"नाही. वाळूच्या दाण्यावर शेवाळाचा, कुजक्या घाणीचा थर असतो, डोळ्याला दिसत नाही एवढा. तो पोटात सुटतो, तेवढंच त्याचं अन्न. धुतलेली वाळू मागे राहते."

"गांडुळावानी."

"हो. गांडुळासारखंच."

त्यांनी वाळूत बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळलं. मग तेच बोट दातांजवळ नेता नेता थांबले. मला कळलं की त्यांना करकर आठवली.

आगटीजवळ गड्याने रेडिओ लावला होता, तो ऐकू येत होता. अप्पांनी छातीवरचा करंडा मुठीत धरला. आयुष्यात मी इतक्या लोकांना हा जीव दाखवला, कुणी नाक मुरडलं, कुणी हसलं. दाखवल्यावर एखाद्या माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"आणि पायाचं," मी पुढे म्हणाले, कारण आता थांबले तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "तो बरा झालेला नाही. साखरेमुळे त्याची जाणीव गेलीय. गोळ्या सोडल्यात म्हणून. आज दवाखान्यात जायचं."

अप्पा उठले. "पैलं आंघोळ."

"अप्पा, जखमेला पाणी लागता कामा नये."

"मंग बांधा पाय."

शोभाने प्लॅस्टिकची पिशवी पावलावर बांधली. ते विहिरीच्या पंपापाशी गेले, दगडावर बसले आणि धोतरासकट डोक्यावर घागरी ओतून घेऊ लागले. जानेवारीचं पाणी. एक, दोन, पाच. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शोभा टॉवेल घेऊन बाजूला उभी होती आणि रडत होती. पाणी ओतणं थांबल्यावर त्यांनी ओल्या अंगानेच तिथे बसून पूजा केली. बेल नव्हता. बांधावरची दोन ज्वारीची पानं ठेवली. मग शोभाला म्हणाले, "गोळ्या घरी हायेत का, का फेकल्या म्या?"

"आहेत, अप्पा."

"चल मंग."

शेवटचे दोन दिवस : दवाखाना

डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. रक्तातली साखर बघून त्यांनी चष्मा काढला. आणखी आठवडाभर गेला असता तर घोट्यापासून पाय काढावा लागला असता, म्हणाले. आता करंगळी जाईल, बाकी वाचेल. मी पुडीविषयी सांगितलं. तिच्यात एक विषारी द्रव्य असतं, खडकांच्या डबक्यात मासे मारायला काही ठिकाणी लोक तिचा रस सोडतात, हेही सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर टिपलं. मग म्हणाले, "लोक औषध म्हणून आणखी काय काय खाऊन येतात आमच्याकडे, ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही परभणीला परत येणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी करंगळी काढली. शोभाच्या नवऱ्याला कळवलं होतं, तो सुरतेहून निघाला होता. अप्पा शुद्धीवर येईपर्यंत मधल्या वेळात पिशवी घेऊन वनखात्याच्या कचेरीत गेले, घरातल्या तीन आणि लिंबाखालच्या उरलेल्या सगळ्या. टेबलावर ओतल्यावर तिथल्या कारकुनाने एक उचलून टेबलावर आपटून पाहिली.

"मॅडम, हे लाकूड हाय."

"प्राणी आहे. समुद्रातला."

"परभणीत समुद्र न्हाई, मॅडम," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. मोबाइलवर कायद्याची यादी उघडून दाखवल्यावर मात्र त्याने खुर्ची मागे सरकवली आणि साहेबांना बोलवायला गेला. तिथे दोन तास गेले. जबाब लिहून दिला. देणारा माणूस पुढे सापडला का, ते मला माहीत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. शोभा खाली औषधं आणायला गेली होती. अप्पा जागे होते. कपाळावर भस्म होतं, म्हणजे पूजा झाली होती. खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता. मी स्टुलावर बसले.

"लिंबाखालच्या बाईला तुमी सांगितलं म्हणं," ते म्हणाले. "शोभा बोलली."

"हो."

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी."

"अन् माझ्या हातातली तुमी पैल्या दिवशीच वळखली व्हती."

मी मान हलवली.

"मंग दोन सकाळी म्या तुमच्यापुढं ती खाल्ली, तवा कामून गप बसल्या?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुकानात कापड कमी का भरलं, असं विचारावं तसं ते विचारत होते, आणि त्यांना उत्तर हवं होतं. शोभाने अडवलं होतं, असं मला सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण तिने अडवलं नसतं तरी मी बोलले नसते.

"भीती वाटली," मी म्हणाले. "तुमचा नेम मोडल्याचं माझ्या तोंडून तुम्हाला कळायला नको होतं. तुमच्या पायाचा विचार मी केलाच नाही. माझाच केला."

मला वाटलं, आता हे मला जायला सांगतील, आणि मी जाईन.

"त्या दोन चमच्याचं मला जास्त लागलं," ते म्हणाले. "आधीचं सगळं नकळत झालं. ते देवाला सांगता येतं. त्या दोन दिसाचं काय सांगू? घरात म्हाईत असलेलं माणूस बसलं व्हतं."

माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत. जिन्यावर शोभाच्या चपलांचा आवाज आला तसे अप्पा माझ्याकडे वळले.

"पुन्हा कुणाच्या घरी असं काई दिसलं, तर पैलं सांगा. मंग च्या प्या."

"हो, अप्पा."

गाडीची वेळ झाली होती. शोभाने वाटेसाठी धपाटे आणि चटणीची बरणी बांधून आणली होती. मी अप्पांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पट्टीचा पाय पांघरुणात ओढून घेतला आणि दुसरा पुढे केला.